लोण्याचा वास पिंपातून येत नाही: ओकमध्ये मुरलेली शार्दोने कशी चाखावी

शार्दोने द्राक्षाच्या पांढऱ्या वाइनला लोण्याचा वास आला की लोक 'ओक!' म्हणून मोकळे होतात, म्हणजे ओक झाडाच्या लाकडी पिंपाचा वास. तो वास डायअ‍ॅसेटिलचा, आणि हे संयुग लाकडात नसतं. द्राक्षातल्या बोचऱ्या मॅलिक आम्लाचं बॅक्टेरिया मवाळ लॅक्टिक आम्ल करतात, तेव्हा ते तयार होतं. हे स्टीलच्या टाकीतही होतं.

ओक नेमका काय करतो ते कळायला एक बाटली पुरत नाही. फ्रान्सच्या बर्गंडीतल्या दोन घ्या: साधी शाब्ली, जी बहुतेक वेळा स्टीलच्या टाकीतली असते, आणि पिंपात मुरलेली म्युर्सो. द्राक्ष दोन्हींत शार्दोनेच.

बाटल्या फ्रिजमधून वीस-पंचवीस मिनिटं आधी काढा. वाइन १२ अंशांच्या आसपास हवी. फार गार असेल तर फळाचा वास दबतो आणि लाकडाचा तुरटपणा तेवढा पुढे येतो; १६च्या वर गेली की अल्कोहोल नाकात चढतं. ग्लास पोटाशी रुंद घ्या आणि ७५ ते १०० मिलिलिटरच ओता, नाहीतर फिरवायला जागा उरत नाही.

आधी न हलवता हुंगा, मग फिरवून. व्हॅनिला, लवंग, भाजलेला पाव, धूर ही लाकडाची देणगी. खोबऱ्याचा वास ठळक असेल तर अमेरिकन ओकचा संशय घ्या. स्पेनच्या रिओखात त्याची जुनी परंपरा आहे. बर्गंडीत मात्र फ्रेंच ओक चालतो, आल्ये किंवा व्होजच्या जंगलातला. फ्रेंच ओक करवतीने कापला तर फळ्या पाझरू शकतात, म्हणून तो रेषेरेषेने फोडतात. फळ्या दोन-तीन वर्षं उन्हापावसात पडून असतात. त्यातला कडवटपणा धुऊन जातो. मग आगीवर वाकवून, आतून शेकून २२८ लिटरचं पिंप तयार होतं. शेक जितका जास्त तितका धूर जास्त. तीन-चार वेळा भरून झाल्यावर पिंपाला स्वतःचा वास जवळपास उरत नाही; फक्त हवा हळूहळू आत झिरपत राहते.

आता उलटं वाटेल असं. रस पिंपातच आंबवला तर लाकडाचा वास कमी येतो, कारण यीस्ट व्हॅनिलिनचा, म्हणजे व्हॅनिलाचा वास देणाऱ्या संयुगाचा, काही भाग जवळजवळ बिनवासाच्या रूपात बदलतं. टाकीत आंबवून नंतर नव्या पिंपात ओतलेली वाइन बरेचदा वरून व्हॅनिला शिंपडल्यासारखी लागते. घोट तोंडात पाच-सहा सेकंद घोळवा: व्हॅनिला एकटाच पुढे पळत असेल आणि मागे फळ नसेल, तर पिंप वाइनपेक्षा वरचढ झालंय. जिभेवर येणारी साय मात्र बहुतेक तळाच्या यीस्टच्या गाळाची. तो काठीने अधूनमधून ढवळतात.

विझलेल्या आगकाडीचा वास आला तर घाबरू नका, तो गंधकाच्या संयुगांचा. कॅराफेत, म्हणजे वाइन ओतून ठेवायच्या काचेच्या सुरईत, पंधरा-वीस मिनिटं ठेवली की बराच ओसरतो. रंग गडद सोनेरी आणि वास डागी सफरचंदाचा असेल, तर वाइनला हवा लागलीय. ती कॅराफेत सुधारत नाही, उलट आणखी बिघडते.

संपलेला म्युर्सोचा ग्लास लगेच धुऊ नका. दहा मिनिटांनी रिकामा हुंगा: फळ उडून गेलेलं असतं आणि तळाशी निखळ ओक राहिलेला असतो.