मिठाच्या पुडीवर तारीख लिहा

घरात मीठ किती खाल्लं जातं हे चवीवरून कळत नाही, जीभ सरावलेली असते. त्यापेक्षा मिठाची नवी पुडी फोडाल तेव्हा तिच्यावर तारीख लिहा. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मोठ्या माणसाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं. चार मोठ्या माणसांच्या घरात ही मर्यादा महिन्याला ६०० ग्रॅम होते. किलोची पुडी महिन्यात संपत असेल, तर माणशी रोज ८ ग्रॅमच्या वर गेलं, आणि यात विकतचं फरसाण, पापड, ब्रेड, सॉस धरलेलंच नाही! (लोणचं घातलं त्या महिन्याचा हिशोब अर्थातच वेगळा.)

विकतच्या पदार्थांच्या पाकिटावर बहुतेकदा मिठाऐवजी त्यातल्या सोडियमचा आकडा असतो. त्याला अडीचने गुणा: ८०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे २ ग्रॅम मीठ.

जादा सोडियम शरीरात पाणी धरून ठेवतं, रक्ताचं आकारमान वाढतं आणि रक्तवाहिन्यांवरचा दाबही. हा दाब बहुधा दुखत-खुपत नाही, त्यामुळे हृदय, मेंदू, मूत्रपिंडांवर परिणाम होईपर्यंत अनेकांना पत्ताच लागत नाही. मला सर्वात जास्त काळजी याचीच वाटते.

सैंधव घेतलं म्हणून बीपी वाढायचं टळत नाही, तेही मुख्यतः सोडियम क्लोराईडच. पोटॅशियम मिसळलेलं कमी सोडियमचं मीठ बऱ्याच जणांना उपयोगी पडतं, पण मूत्रपिंडाचा विकार असेल किंवा बीपीच्या गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा.