पावसाळ्यात विषाणूची वाट अडवायची कशी: कूलरपासून कोठ्यापर्यंत

पऱ्हाटीत डवरणी सुरू झाली की गावोगावी तापाचे पेशंटही सुरू होतात. दवाखान्यात गेलं की ठरलेलं वाक्य कानावर पडतं, "एक सलाईन लावून द्या न साहेब, अंगात जीवच नाही राह्यला." सलाईनमध्ये मीठ नाहीतर साखर घातलेलं पाणी असतं. उलट्यांमुळे पाणी पोटात टिकत नसेल तर त्याचा उपयोग मोठा आहे, पण विषाणू त्याने मरत नाही.

तो अँटिबायोटिकनेही मरत नाही. ही औषधं जिवाणूंसाठी आहेत. जिवाणूचं स्वतःचं शरीर आणि स्वतःची यंत्रणा असते, तिच्यावर ती घाव घालतात. विषाणूजवळ तसं काहीच नसतं. प्रथिनांच्या कवचात गुंडाळलेला जनुकीय मजकूर, एवढाच त्याचा संसार. तो आपल्या पेशीत शिरतो आणि तिच्याचकडून स्वतःच्या हजारो प्रती काढून घेतो. गिरणी दुसऱ्याची, वीजही दुसऱ्याची, दळण मात्र याचं. बहुतेक विषाणूंवर नेमकं औषध नाही, शरीरच त्यांना निपटवतं. म्हणून आपल्या हाती उरतं ते त्याची वाट अडवणं. प्रत्येक विषाणूची वाट वेगळी असते, त्यामुळे सगळ्यांवर एकच उपाय चालत नाही.

सुरुवात कूलरपासून करा. डेंग्यू आणि चिकनगुनियाचा डास, एडिस, नालीत फारसा वाढत नाही. त्याला साठवलेलं, बऱ्यापैकी स्वच्छ पाणी लागतं. नालीत पावडर टाकली की ग्रामपंचायतीचं काम झालं असं आपण धरतो, आणि डास तयार होतात आपल्याच वऱ्हांड्यात. जूनमध्ये पाऊस पडला की कूलर बंद होतो, पण तळातलं पाणी तसंच राहतं. त्यात वळवळणारे किडे दिसले तर ती डासाची पिल्लंच. अंड्यापासून उडणारा डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एक दिवस घरातली सगळी भांडी रिकामी करायची. त्यालाच कोरडा दिवस म्हणतात.

नुसतं पाणी ओतून भागत नाही. एडिसची मादी अंडी घालते ती पाण्याच्या रेषेच्या जरा वर, भांड्याच्या ओलसर भिंतीला चिकटवून. ही काळी, बारीक अंडी कोरड्यातही कित्येक महिने तग धरतात आणि पुढच्या उन्हाळ्यात कूलर भरला की फुटतात. म्हणून टाकी काथ्याने नाहीतर ब्रशने घासा, वाळवा, जुन्या ताट्या काढून टाका आणि मगच कूलर झाकून ठेवा. रांजण, नळ येत नाही म्हणून भरून ठेवलेला ड्रम, फ्रिजमागची ताटली, कोंबड्यांचं पाण्याचं भांडं, छपरावर वजनाला ठेवलेला टायर, हे सगळं त्याच यादीत. रिकामा करता न येणारा हौद असेल तर गप्पी मासे सोडा. धूरफवारणीवर फार भिस्त ठेवू नका. तिने उडणारे डास मरतात, पाण्यातली पिल्लं शाबूत राहतात. आणि हा डास दिवसा चावतो, त्यामुळे दुपारी पाळण्यात झोपलेल्या लेकरालाही मच्छरदाणी हवी.

आता कोठा, म्हणजे गुरांचा गोठा. लेकरांच्या मेंदूला ताप चढवणाऱ्या चंडीपुरा विषाणूला नाव मिळालं ते नागपूर जिल्ह्यातल्या गावावरून. 1965 साली तिथल्या तापाच्या रुग्णांच्या रक्तात तो पहिल्यांदा सापडला. 2003 मध्ये आंध्र प्रदेशात त्याच्या साथीत 329 मुलं आजारी पडली, त्यातली 183 दगावली. महाराष्ट्रातही त्या वर्षी हा आजार आला होता. तो पसरवते वाळूमाशी. डासापेक्षा बरीच लहान, पंख उभे धरून बसणारी, भिंतीवर टुणटुण उड्या मारत जाणारी. साध्या मच्छरदाणीच्या जाळीतून ती आरामात आत येते, त्यामुळे बारीक जाळीची किंवा कीटकनाशक लावलेली मच्छरदाणी घ्यावी.

वाळूमाशीला पाण्याचं डबकं लागत नाही. मातीच्या भिंतीच्या ओलसर भेगा आणि शेण-कचरा मिसळलेली माती तिला पुरते. उन्हाळा संपायच्या आत भेगा लिंपून घ्या, कोठ्यातलं शेण रोज उचला, उकिरडा घरापासून लांब हलवा आणि लेकरांना कोठ्याला लागून असलेल्या भिंतीशी झोपवू नका. भिंतींवर औषध मारायला माणसं आली तर "आमच्या देवघरात नको" म्हणून परत पाठवू नका. एक क्रम मात्र पाळा: लिंपण आणि पोतारा आधी, फवारणी नंतर. फवारलेल्या भिंतीवर चार दिवसांनी पोतारा फिरवला की सगळं औषध मातीखाली गेलं.

एवढं करूनही ताप आलाच तर? पॅरासिटामॉल डॉक्टर सांगतील तेवढंच, भरपूर पाणी, पेज, ताक. अ‍ॅस्पिरिन, ब्रुफेन किंवा मेडिकलवाल्याने बांधून दिलेली रंगीबेरंगी पुडी नको, कारण डेंग्यूत काही वेदनाशामकांनी रक्तस्राव वाढू शकतो. तापाच्या माणसाला दिवसाही मच्छरदाणीत ठेवा, कारण त्याला चावलेला डास काही दिवसांनी शेजाऱ्याला डेंग्यू देतो. डेंग्यूचे चार प्रकार आहेत. एक होऊन गेला म्हणून निर्धास्त राहू नका, दुसऱ्यांदा झालेला जास्त त्रासदायक ठरू शकतो.

आपल्याकडे सगळ्यात जास्त फसगत होते ती ताप उतरल्यावर. घरचे म्हणतात, सुटला बिचारा. डेंग्यूत खरा धोका नेमका तेव्हाच सुरू होतो. पोटात जोराची कळ, थांबत नसलेल्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, हातपाय गार पडणं, गुंगी, यातलं एकही दिसलं तर पपईच्या पानांचा रस पाजत बसू नका, थेट दवाखाना गाठा. लहान मुलाला एकाएकी जोराचा ताप, उलटी आणि झटके आले तर बाहेरची बाधा शोधू नका. चंडीपुरात मूल एक-दोन दिवसांतच दगावू शकतं. 108 ला फोन करा.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबतीचा पुतळा मिरवत "रोगराई घेऊन जा गे मारबत" म्हणतात, ते जरूर म्हणावं. मारबत जाते तेव्हा डेंग्यूचा हंगाम मात्र ऐन भरात असतो, म्हणून त्याच दिवशी घरातला ड्रमही घासून घ्या.

कावीळ आणि जुलाबाच्या विषाणूंची वाट पाण्यातून जाते: विहिरीत ब्लिचिंग, पाणी उकळून, हात साबणाने. गोवराची वाट अडवते ती लस: नवव्या महिन्यात आणि पुन्हा दीड वर्षाच्या सुमारास. तारीख आशाताईकडे असते.

राहिलं कुत्र्याचं चावणं. रेबीजचा विषाणू चंडीपुराच्याच कुळातला. तो जखमेतून मज्जातंतू धरून मेंदूकडे सरकतो आणि लक्षणं दिसू लागल्यावर माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. मेंदूपर्यंत जायला त्याला वेळ लागतो, तेवढाच आपल्या हातात असतो. जखम वाहत्या पाण्याखाली साबण लावून पंधरा मिनिटं धुवा. तिखट, चुना, हळद काही भरू नका. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात लस सुरू करा. जखम खोल असेल तर सीरमबद्दल, म्हणजे जखमेत टोचायच्या तयार प्रतिपिंडांच्या औषधाबद्दल, स्वतःहून विचारा. चावलेलं घरचंच पिल्लू असलं तरी हेच. जखम सुकली म्हणून पुढचे डोस सोडून देणारे पुष्कळ भेटतात. डोसाच्या तारखा कार्डावर लिहून मिळतात. त्या दिवशी निंदण असो की बाजार, दवाखान्यात जाऊन यायचं.