घरचं मिल्क केफिर बिघडतंय? या चुका टाळा

केफिर म्हणजे ग्रेन्स नावाच्या जिवंत गोळ्यांनी आंबवलेलं दूध. ते बिघडलं म्हणून ग्रेन्सच फेकून दिले असं कुणी सांगितलं की खरंच वाईट वाटतं, कारण बहुतेक वेळा ते ग्रेन्स ठणठणीत असतात, गडबड असते ती दूध किती, गरमी किती आणि वेळ किती या हिशोबात. फार आंबट झालं, पाणी सुटलं, वास आला, पातळच राहिलं, तक्रार कुठलीही असो, आधी या तीन गोष्टी तपासा आणि मगच दुसरीकडे बघा. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला हं, तिन्ही एकदम बदलल्या तर कशाने फरक पडला ते कळतच नाही.

त्याआधी तुमच्याकडे नक्की काय आहे ते बघून घ्या. जिवंत ग्रेन्स म्हणजे फ्लॉवरच्या तुऱ्यासारखे दिसणारे पांढरे, जरा रबरी गोळे. हे मूळचे कॉकेशस पर्वताच्या भागातले, त्यात लॅक्टिक अ‍ॅसिड बॅक्टेरिया आणि यीस्ट एकत्र राहतात आणि केफिरान नावाच्या चिकट पदार्थाने एकमेकांना धरून असतात. पाकिटातली पावडर ही वेगळी गोष्ट आहे, तिच्यापासून ग्रेन्स तयार होत नाहीत, तयार केफिरमधलं थोडं घेऊन पुढचं लावता येतं पण ते काहीच वेळा, नंतर जोर कमी होत जातो आणि नवीन पाकीट लागतं. आणि तिसरे वॉटर केफिरचे ग्रेन्स, स्फटिकासारखे जरा पारदर्शक, ते साखरेच्या पाण्यावर जगतात, ते दुधात टाकून बसू नका.

पहिल्याच आठवड्यात निकाल लावणं

नवीन ग्रेन्स प्रवास करून आलेले असतात, कधी वाळवलेले असतात, त्यांच्यातला बॅक्टेरिया आणि यीस्टचा बॅलन्स हललेला असतो. पहिले काही दिवस दूध घट्ट होणारच नाही किंवा नुसतं फेसाळेल, यीस्टचा वास येईल, चव विचित्र लागेल. हे नॉर्मल आहे. दूध थोडंच घ्या, २४ तास झाले की ते दूध घट्ट झालेलं असो वा नसो गाळून टाका आणि ताजं दूध घाला, असं रोज करत राहा. ओले ग्रेन्स साधारण आठवड्याभरात रुळतात, वाळवलेल्यांना त्याहून जास्त वेळ लागू शकतो. या काळात दूध वाया जातंय म्हणून तेच दूध दोन-तीन दिवस ठेवून देणं ही सगळ्यात वाईट काटकसर, कारण ग्रेन्सना खायला नवीन काही मिळत नाही आणि सावरायला अजून उशीर होतो.

ग्रेन्स जास्त, दूध कमी

एकच चूक निवडायची असेल तर मी हीच निवडेन. होतं असं की सुरुवातीला चमचाभर ग्रेन्स असतात, दूधही बरोबर असतं, सगळं छान चालू असतं, मग ग्रेन्स हळूहळू वाढत जातात आणि दूध मात्र तेवढंच राहतं, महिन्याभराने त्याच बरणीत दुप्पट ग्रेन्स झालेले असतात आणि लोक म्हणतात की अचानक केफिर आंबट का व्हायला लागलं. अचानक काही झालेलं नसतं. जास्त ग्रेन्स म्हणजे दुधातली साखर, लॅक्टोज, लवकर संपणार आणि आम्लता लवकर वाढणार.

सुरुवातीला धरायचं प्रमाण म्हणजे एक मोठा चमचा ग्रेन्स, साधारण १५ ग्रॅम, आणि ३०० ते ५०० मिली दूध. थंडीत खालचा आकडा, गरमीत वरचा, आणि फारच उकडत असेल तर याहूनही जास्त दूध चालतं. दर दोन-तीन आठवड्यांनी ग्रेन्स मोजा आणि जास्तीचे काढून घ्या, ते कुणाला द्या, फ्रीजमध्ये बॅकअप म्हणून ठेवा, किंवा खाऊन टाका, खाता येतात. जीव तुटतो काढताना हे मान्य आहे, पण बरणीत गर्दी करून ठेवण्यात त्यांचं भलं नाही.

उलट प्रॉब्लेमही असतो. चिमूटभर ग्रेन्स आणि लिटरभर दूध घेतलं तर दूध खूप वेळ नुसतंच पडून राहतं, त्याला आंबटपणा यायला उशीर होतो आणि तेवढ्यात नको ते जंतू वाढायला संधी मिळते. ग्रेन्स थोडेच असतील तर दूधही थोडंच घ्या आणि ग्रेन्स वाढतील तसं वाढवत न्या.

घड्याळ बघणं, बरणी न बघणं

"२४ तास ठेवा" हे वाक्य सगळीकडे असतं पण तो अंदाज आहे, नियम नाही. २० ते २५ डिग्रीला साधारण तेवढा वेळ लागतो, ३० डिग्रीच्या वर तेच काम १२ तासात किंवा त्याही आधी उरकतं आणि १८ च्या खाली दीड-दोन दिवस लागू शकतात. म्हणून बरणी काचेची घ्या आणि बघत राहा. बरणी हलकेच तिरकी केली की दूध पाण्यासारखं न वाहता थोडं जाडसर, एकसंध हलतं, आणि ग्रेन्सच्या आसपास किंवा तळाला निवळीचे छोटे छोटे कप्पे दिसायला लागतात, ही गाळायची वेळ.

तिथे थांबला नाहीत तर काय होतं तेही समजून घ्या. दुधाचा पीएच ४.६ च्या आसपास आला की त्यातलं केसिन प्रोटीन जमतं, म्हणून ते घट्ट होतं. पुढे आम्लता वाढतच राहिली की ही जमलेली जाळी आकसते आणि पाणी बाहेर टाकते, मग वर पांढरा गोळा आणि खाली पिवळसर हिरवट निवळी असे दोन भाग दिसतात. हे खराब झालेलं नाही! फक्त जास्त आंबलंय. बरणी हलक्या हाताने हलवून एकत्र करा आणि गाळा, आंबट चालत असेल तर प्या, नाहीतर पातळ कपड्यात बांधून टांगून ठेवा, छान मऊ चीज मिळतं. पुढच्या वेळी एक तर ग्रेन्स कमी करा किंवा तास कमी करा.

गरमीत अजून एक भानगड होते, यीस्टचा जोर वाढतो. मग केफिर खूप फसफसतं, ब्रेड किंवा बिअरसारखा वास येतो, गोळा वर तरंगतो आणि त्यात बुडबुड्यांची भोकं दिसतात. घरातली सगळ्यात गार जागा शोधा, वेळ कमी करा, दूध वाढवा. बाहेर घट्ट व्हायला लागलं की लगेच फ्रीजमध्ये टाकून उरलेलं काम तिथे सावकाश होऊ देणं हाही चांगला उपाय आहे, चव सौम्य येते.

आणि कृपा करून केफिरला दह्यासारखी ऊब देऊ नका. दह्याचे बॅक्टेरिया ४० ते ४५ डिग्रीला खुश असतात, केफिरचे नाहीत, त्यांना साधं रूम टेंपरेचर पुरतं आणि ४० च्या वर तर ग्रेन्सना इजा होते. म्हणजे दूध तापवलं असेल तर ते पूर्ण गार होऊ द्या, कोमटसुद्धा नको. फ्रीजमधलं गार दूध मात्र थेट घातलं तरी चालतं, फक्त थोडा वेळ जास्त लागेल.

दुधाबद्दल

फुल क्रीम दुधाचं केफिर दाट आणि मऊ लागतं, फॅट कमी तसं पातळ, त्यामुळे "माझं केफिर पातळच का" याचं उत्तर कधीकधी एवढंच असतं. कच्चं दूध थेट वापरू नका, त्यात रोगजंतू असू शकतात आणि त्याचे स्वतःचे बॅक्टेरिया ग्रेन्सशी स्पर्धा करतात ते वेगळंच, उकळून गार करून घ्या. टेट्रापॅकमधलं यूएचटी दूधही चालतं. बदाम, सोया, ओट, नारळ यांच्या दुधात लॅक्टोज नसतं, त्यात ग्रेन्स एखाद-दुसऱ्या वेळी काम करतील पण तिथेच कायम ठेवले तर खंगतात, मधेमधे जनावराच्या दुधात परत आणावे लागतात. आणि दुधाचा प्रकार बदलला की दोन-तीन बॅच जरा वेगळ्या येतात, घाबरू नका.

ग्रेन्स दर वेळी धुणं

ही सवय स्वच्छतेच्या चांगल्या हेतूने लागते पण गरज अजिबात नसते. ग्रेन्सवरचा तो बुळबुळीत थर घाण नाही, ते केफिरान आहे, ग्रेन्स स्वतःच बनवतात. नळाच्या पाण्यात क्लोरीन असेल तर नुकसान अजूनच. गाळायचं आणि सरळ ताज्या दुधात टाकायचं, बस. बरणी मात्र स्वच्छ हवी, साबणाने धुऊन नीट खळबळून घ्या, साबणाचा अंश राहायला नको.

गाळणीबद्दल लोक फार भांडतात. स्टीलची चांगली गाळणी आणि चमचा बिनधास्त वापरा, काही मिनिटांच्या संपर्काने काही होत नाही. तांबं, पितळ आणि अ‍ॅल्युमिनियम मात्र टाळा, आम्लाची त्यांच्यावर प्रक्रिया होते. गाळताना ग्रेन्स चमच्याने दाबून रगडू नका, गाळणीच हलकेच आपटत राहा.

झाकण एकदम घट्ट लावू नका कारण यीस्ट कार्बन डायऑक्साइड सोडतं आणि बरणीत प्रेशर तयार होतं, आणि बरणी गळ्यापर्यंत भरूही नका. झाकण सैल ठेवा किंवा दाट विणीचं कापड रबर लावून बांधा, जाळीदार कापडातून चिलटं आत जातात. शेजारी दुसरं काही आंबवत असाल, कोम्बुचा वगैरे, तर ते थोडं लांब ठेवा आणि चमचे वेगळे.

ग्रेन्स वाढत नाहीत ही पण खूप जणांची काळजी. दूध वेळेत आंबतंय, चव चांगली आहे, मग ग्रेन्स निरोगी आहेत, वाढ मागेपुढे होऊ शकते. तरी वाढ हवीच असेल तर दूध वेळेवर बदला, फार गरमी टाळा आणि धुणं बंद करा. ग्रेन्स खूपच बुळबुळीत झाले, लिबलिबीत झाले, विरघळल्यासारखे दिसले तर काही दिवस गार जागेत, जास्त दुधात आणि लवकर गाळून चालवा, बऱ्याचदा सावरतात.

खरंच फेकायचं कधी

केफिरवर पांढरा, सपाट, थोडा सुरकुतलेला थर आला तर तो बहुधा यीस्टचा असतो, तो काढा, ग्रेन्स ताज्या दुधात घाला आणि वेळ कमी करा. पण केसाळ बुरशी दिसली, किंवा गुलाबी, केशरी, हिरवा, काळा असा कुठलाही रंग दिसला, सडका वास आला, तर केफिर आणि ग्रेन्स दोन्ही टाकून द्यायचे. धुऊन वाचवायला जाऊ नका, बुरशी वर दिसते तेवढीच नसते. आंबट वास आणि सडका वास यातला फरक नाकाला लगेच कळतो, संशय असेल तर चव घेऊन बघू नका.

फळं, मध, व्हॅनिला असं काही घालायचं तर ग्रेन्स गाळून काढल्यावरच घाला. ग्रेन्स असतानाच घातलं तर फळांवरचे जंतू त्यांच्यात जातात आणि गाळताना तुकडे वेगळे करणं म्हणजे डोक्याला ताप. फळ घालून बाटली बाहेर ठेवणार असाल तर वर जागा सोडा, काही तासच ठेवा आणि मधे एकदा झाकण उघडून गॅस सोडा, साखर वाढली की प्रेशर पटकन वाढतं आणि काचेची बाटली फुटू शकते.

पिण्याबद्दल एवढंच की सवय नसेल तर पाव कपाने सुरू करा, पोट फुगू शकतं. लॅक्टोज कमी होतं पण शून्य होत नाही, दुधाच्या प्रोटीनची अ‍ॅलर्जी असेल तर केफिर अजिबात नको, थोडंसं अल्कोहोलही तयार होतं, आणि प्रतिकारशक्ती खूप कमी असेल किंवा तशी औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका.

काही दिवस बाहेर जायचं असेल तर ग्रेन्स नुसते कोरडे डब्यात ठेवून जाऊ नका. ताज्या दुधात बुडवून फ्रीजमध्ये ठेवा, एक-दोन आठवडे आरामात राहतात, त्याहून लांबलं तर कुणाला तरी दूध बदलायला सांगा. महिन्यांचा प्रश्न असेल तर ग्रेन्स स्वच्छ कापडावर टिपून, दूध पावडरमध्ये घोळवून, पिशवीतली हवा काढून फ्रीझरला टाका. परत आल्यावर पहिल्या दोन-तीन बॅच मंद आणि विचित्र निघतील, ते दूध टाकून द्या, तेव्हा दूध नेहमीच्या निम्मंच घ्या आणि ते पुन्हा वेळेत घट्ट व्हायला लागलं की मगच वाढवा.