फेरी संपल्यानंतरचा अर्धा तास : आऊटबोर्ड इंजिन कसे ठेवावे

मालवणजवळच्या देवबागला मावसभावाच्या पर्यटक-होडीवर मी पहिल्यांदा कामाला लागलो, तेव्हा इंजिन बंद करणे म्हणजे लाल बटण दाबणे, एवढीच माझी समजूत होती. होडीला १५ अश्वशक्तीचे टू-स्ट्रोक (पेट्रोलात तेल मिसळून चालणारे) आऊटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागच्या बाजूला बाहेरून लावायचे इंजिन, होते. हंगाम संपल्यावर मी ते बाहेरून लख्ख पुसून पडवीत ठेवले आणि सप्टेंबरात दोर ओढून ओढून खांदा दुखेपर्यंत झटलो, तरी ते धरेना. मिस्त्रींनी कार्बोरेटर उघडला, तर तळच्या वाटीत काकवीसारखा चिकट थर साचलेला आणि इंधन सोडणाऱ्या जेटचे केसाएवढे भोक बुजलेले. ते एवढेच म्हणाले, "इंजिन दर्यात बिघडूक नाय, तुझ्या पडवीत बिघडला." त्यानंतरच्या हंगामांत त्यांच्या हाताखाली जे शिकलो, ते नव्याने या कामात येणाऱ्यांसाठी लिहीत आहे.

पहिले काम गोड्या पाण्याचे. हे इंजिन ज्या पाण्यात चालते तेच पाणी आत ओढून स्वतःला थंड ठेवते, त्यामुळे बंद केल्यावर आतल्या अरुंद वाटांमध्ये खारे पाणी उरते, ते सुकते आणि मिठाचे खडे मागे राहतात. असे दिवसामागून दिवस झाले की वाट बुजते आणि इंजिन तापू लागते. किनाऱ्यावर आल्यावर पाणी ओढणाऱ्या जाळ्यांवर रबरी कान लावून त्यांना नळाची नळी जोडावी, किंवा जाळ्या पूर्ण बुडतील एवढे पाणी भरलेल्या पिंपात इंजिनाचा पाय, म्हणजे पाण्यात राहणारा खालचा भाग, सोडावा. पिंप वापरायचे असेल तर पंखा (प्रोपेलर) आधी काढलेला बरा. गिअर न्यूट्रलला ठेवून मंद गतीवर दहाएक मिनिटे इंजिन चालवावे. घाई करणारे दोन मिनिटांत उरकतात, पण ज्या इंजिनात थर्मोस्टॅट (ठरावीक उष्णतेला उघडणारी झडप) असतो त्यात इंजिन तापून तो उघडल्याशिवाय गोडे पाणी सगळीकडे पोहोचतच नाही. मागच्या भोकातून पडणारी बारीक धार कोमट लागली की मी पुढे मोजायला सुरुवात करतो. मात्र पाणी जोडण्यापूर्वी इंजिन "जरा आवाज बघू" म्हणून कधीही सुरू करू नये. पंपातली रबरी चक्री पाण्यावाचून काही सेकंदांतच खराब होऊ लागते.

धुणे झाल्यावर इंजिन उभे, म्हणजे पाय सरळ खाली, असे सोडावे आणि सेफ्टीची दोरी काढून ठेवून स्टार्टरचा दोर एकदोनदा हळू ओढावा, म्हणजे उरलेले पाणी निथळते. टेम्पोत नेताना डोके पंख्यापेक्षा खाली जाऊ देऊ नये. तसे झाले तर धुराच्या वाटेने पाणी सिलिंडरपर्यंत पोहोचू शकते. फोर-स्ट्रोक (ज्यात तेल पेट्रोलात न मिसळता वेगळे असते) आडवे ठेवायचे तर त्याची कूस ठरलेली असते आणि ती कंपनीच्या पुस्तिकेत दिलेली असते. चुकीच्या कुशीवर निजवले की तेल नको तिथे जाते.

आता पेट्रोल, आणि माझी चूक इथलीच होती. आजच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि इथेनॉल हवेतला ओलावा धरून ठेवते. कोकणातल्या दमट हवेत अर्धी रिकामी टाकी महिनोन्‌महिने पडून राहिली, तर इथेनॉल आणि पाणी पेट्रोलपासून सुटून तळाशी बसते. टू-स्ट्रोकमध्ये याचा धोका दुहेरी आहे, कारण तेल वरच्या पेट्रोलात राहते आणि नळी ओढते तो तळचा, तेल नसलेला थर. म्हणून लिटरमागे २० मिलिलिटर, म्हणजे ५० ला १, असे मिश्रण आमच्या इंजिनासाठी मी लागेल तेवढेच करतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा फेरी असेल तर इंधनाची नळी काढून टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू बंद करणे पुरते. आठवड्याहून जास्त खंड पडणार असेल तर धुण्याच्या शेवटी इंधनाची नळी काढून इंजिन आपोआप थांबू द्यावे. टू-स्ट्रोकमध्ये इंधनाबरोबर तेलही संपते म्हणून काही जण याला नाके मुरडतात. मंद गतीवर काही बिघडल्याचे मी पाहिलेले नाही. तरीही कार्बोरेटरच्या वाटीच्या तळचा स्क्रू सोडून उरलेले थेंब काढावेत, कारण इंजिन थांबले म्हणजे वाटी कोरडी झाली असे नव्हे.

पावसाळ्याची तयारी वेगळी. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते आणि त्या दिवसांत आमच्याही फेऱ्या थांबतात. तेव्हा गिअरचे तेल बदलावे. बाहेर पडलेले तेल दुधाळ दिसले तर सीलमधून पाणी शिरते आहे असे समजावे आणि पंखा काढून पाहावे, कारण दांड्याला गुंडाळलेली मासेमारीची तंगूसच (नायलॉनची बारीक दोरी) पुष्कळदा सील कापते. नवे तेल खालच्या भोकातून भरायचे आणि ते वरच्या भोकातून बाहेर येईपर्यंत भरत राहायचे. स्पार्क प्लग काढून सिलिंडरमध्ये फॉगिंग ऑइल (गंज रोखणारे फवाऱ्याचे तेल) मारून दोर हळू ओढावा. इंजिनाऐवजी स्वतः झिजण्यासाठी बसवलेला झिंकचा तुकडा निम्मा झिजला असेल तर बदलावा, आणि त्यावर रंग कधीच लावू नये. मग इंजिन लाकडी घोडीवर उभे करून सुती कापडाने झाकावे. प्लॅस्टिकमध्ये गच्च बांधले तर आतला ओलावा आतच राहतो.

सप्टेंबरात झाकण काढल्यावर आधी मी एक बारीक तार घेऊन धारेचे भोक तपासतो, कारण दोन वर्षांपूर्वी त्यात कुंभारीण माशीने मातीचे घर बांधले होते.