एनएसएसचं शिबिर अंगावर घेण्याआधी

परवा चोपड्याहून मावसभावाचा फोन आला. "ताई, सरांनी मला शिबिराचा गटप्रमुख केलं. आता काय करू?" मी विचारलं, "ज्या गावाला चाललात तिथल्या नाल्याला आत्ता पाणी आहे का?" त्याला वाटलं, मी टिंगल करतेय.

मी अमळनेर तालुक्यातली. कॉलेजात दोन वर्षं राष्ट्रीय सेवा योजनेत, म्हणजे एनएसएसमध्ये होते, दुसऱ्या वर्षी गटप्रमुख. आता धुळ्याला नोकरी करते. त्याला तासभर फोनवर जे सांगितलं तेच इथे लिहितेय, म्हणजे पुढच्या भावंडांना लिंक पाठवून मोकळी.

आधी नाव नोंदवायचं बघा. प्रवेश संपत आले की जुलै-ऑगस्टमध्ये नोटीस लागते. एका युनिटला साधारण शंभरच जागा असतात, त्यामुळे "बघू नंतर" म्हणणारे राहून जातात. वर्षाला 120 तास सेवेचं काम, दोन वर्षांत 240 तास आणि एक सात दिवसांचं शिबिर, एवढं झालं की प्रमाणपत्र. तासांची डायरी त्याच दिवशी भरा आणि कार्यक्रम अधिकाऱ्यांची, म्हणजे योजना बघणाऱ्या सरांची सही त्याच आठवड्यात घ्या. मार्चमध्ये वर्षभराच्या सह्या एकदम घ्यायला रांगेत उभी असलेली पोरं मी पाहिलीत, आणि सरांचा चेहराही. बाकी, योजना 24 सप्टेंबर 1969 ला सुरू झाली, तेव्हा 37 विद्यापीठं आणि 40 हजार विद्यार्थी होते, बिल्ल्यावरचं चाक कोणार्कच्या सूर्यमंदिराचं, त्याचे आठ आरे म्हणजे आठ प्रहर, एवढं पाठ करून ठेवा. प्रजासत्ताक दिनाच्या संचलनाची निवड असो नाहीतर साधी मुलाखत, हे विचारतातच.

आता पाण्याचं. पहिल्या वर्षी आम्ही शिबिरात वनराई बंधारा, म्हणजे नाल्यात माती भरलेल्या गोण्या रचून केलेला कच्चा बांध, बांधला. परीक्षा आटोपून शिबिर लागलं जानेवारीत. पन्नास पोरं, दोन सकाळी, हाताला फोड. बंधारा झाला, पाहुणे आले, फोटो निघाले. काठावर बिडी ओढत बसलेले एक आबा सगळं बघत होते. ते अहिराणीत म्हणाले, "पाणी ते चालनं गये, आते काय आडावतस रे भो?" नाला ठणठणीत कोरडा होता. आमच्यातल्या कुणाच्याच डोक्यात ते आलं नव्हतं. बहुतेक पोरं शेतकऱ्याच्या घरची, तरी नाही.

म्हणून सांगते, वनराई बंधारा हे शिबिराचं काम नाही. ते पाऊस उघडल्यावर, नाल्याला धार असतानाच करायचं, म्हणजे ऑक्टोबर, फार तर नोव्हेंबर. तेव्हा शिबिर नसतं, पण 120 तास असतात की! दोन रविवार काढा. दुसऱ्या वर्षी आम्ही तेच केलं.

कसं केलं ते नीट सांगते, कारण यात पोरं घाईच करतात. जागा अशी बघा की दोन्ही काठ उंच आहेत, नाला अरुंद आहे आणि वरच्या अंगाला पाणी साठायला पसरट जागा आहे. गावातला शेतकरी सोबत असला तर तो चालता चालताच जागा दाखवतो. सिमेंटच्या, खताच्या रिकाम्या गोण्या महिनाभर आधीपासून जमवा. ज्याचं बांधकाम चालू असेल तो फुकट देतो. सहा मीटर रुंदीच्या नाल्यात कमरेएवढ्या उंचीसाठी आम्हाला तीनशेच्या आसपास लागल्या. गोणी गच्च भरू नका. दोन तृतीयांश भरा आणि दाभण-सुतळीने तोंड शिवा. गच्च गोणी दगडासारखी बसते आणि शेजारणीशी तिचं जमत नाही, सैल गोणी मात्र दाबली की पसरते आणि फट बुजवते. तळातला गाळ, पाला, गोटे काढून आधी तळ साफ करा. खालचा थर तीन-चार गोण्या रुंद, वर जाल तसा निमुळता. वीट रचतात तसा सांधा मोडत रचायचं, दोन सांधे एकावर एक आले की पाणी तिथूनच निघतं. थरांमध्ये काळी चिकण माती पायाने तुडवून बसवा. दोन्ही टोकं काठात हातभर खणून आत घ्या. हे विसरलात तर बंधारा जागेवर राहतो आणि पाणी बाजूने काठ खात निघून जातं. मधला भाग एक थर खाली ठेवा, जादा पाणी तिथून सांडेल.

संध्याकाळी पाणी गुडघ्याला आलं तेव्हा आमच्यातला एक, जो एरवी फक्त फोटोला पुढे असायचा, तो पाण्यातच बसून राहिला. उठेचना.

मग शिबिरात काय करायचं? गावाला विचारायचं. शिबिराच्या आधी निदान दोनदा गावात जा, त्यातलं एकदा सरांशिवाय. सरपंच जिभाऊ स्मशानभूमीची साफसफाई सांगतील. त्यांचंही ऐका, पण हापशावर उभ्या बायांना आणि अंगणवाडीच्या ताईंना वेगळं विचारा. आमच्या गावात बायांनी सांगितलेलं काम होतं सांडपाण्याच्या चरीचं, शाळेच्या वाटेवर घाण साचायची म्हणून. शिबिराच्या कामांच्या यादीत ते कुणीच लिहिलं नव्हतं. बाजार कोणत्या वारी, तेही विचारून घ्या, त्या दिवशी घरोघरचं सर्वेक्षण ठेवू नका. डिसेंबरात कापूस वेचणी चालू असते, गहू-हरभऱ्याला पाणी देणं असतं, दुपारी घराघराला कुलूप. दिवेलागणीनंतर जा. नंदुरबारच्या धडगाव-अक्कलकुव्याकडे शिबिर असेल तर दिवाळीनंतर कितीतरी कुटुंबं ऊसतोडीला गुजरातेत गेलेली असतात, हे धरूनच आखणी करा. आणि घरात गेल्यावर फॉर्म लगेच बाहेर काढू नका. अहिराणी येत असेल तर अहिराणीतच बोला. आमच्यात काही पोरं घरी अहिराणी बोलायची आणि शिबिरात पुस्तकी मराठी झाडायची. म्हातारी माणसं लगेच सावरून बसत.

गटप्रमुखाने स्वतःकडे कोणतं काम घ्यावं? संडास. खरंच. पन्नास जणांचा मुक्काम शाळेच्या दोन संडासांवर असतो आणि तिसऱ्या दिवशी अर्धं भांडण तिथून सुरू होतं. पहिल्या सकाळी बादली-खराटा मी घेतला, दुसऱ्या दिवशी पाळीची यादी लावली, एकानेही कुरकुर केली नाही. उलट क्रमाने केलं असतं तर सगळ्यांनी केली असती. उद्घाटनाच्या भाषणात साने गुरुजींचं नाव हमखास निघतं. अमळनेरला शिकवत असताना वसतिगृहातल्या मुलांच्या खोल्या ते स्वतः झाडायचे, तेवढं मात्र भाषणानंतर कुणी करत नाही.

स्वयंपाक मुलींच्या गळ्यात मारू नका. रोज एक गट, मुलं-मुली मिसळून. पन्नास जणांच्या वरण-बट्टीला दहा किलो जाडसर कणीक आणि तीन किलो तूरडाळ पुरली. मिरचीचा हात आवरा, जेवणाऱ्यांत सगळेच खान्देशी पोटाचे नसतात. किराण्याचं प्रत्येक बिल कॉलेजच्या नावाने घ्या, कच्च्या चिठ्ठीवर पैसे मिळत नाहीत. माझे चारशे रुपये असेच गेले, अजून आठवतात.

मुलींच्या घरी संमतिपत्र नुसतं सहीला पाठवू नका. आमच्या मॅडमनी सात घरी स्वतः फोन केले. मुक्काम कुठे, सोबत कोण, आतून कडी आहे का, हे सगळं सांगितलं. सातपैकी पाच जणी आल्या.

रक्तदान ठेवलंत तर वय किमान 18, वजन किमान 45 किलो आणि हिमोग्लोबिन 12.5 लागतं. बऱ्याच मुली हिमोग्लोबिनवर परत जातात. "नापास" असं चारचौघांत ओरडणारा माणूस टेबलावर बसवू नका, आणि परत जाणाऱ्या मुलीला आकडा लिहून द्या, डॉक्टरांना दाखवता येतो.

शक्य झालं तर शिबिराआधी गटप्रमुखांची एक सहल साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याला काढा. चैत्राम पवार आणि गावकऱ्यांनी तिथे चारशे हेक्टरांहून जास्त जंगल राखलंय. 2025 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. बाहेरून येऊन सात दिवस राबणाऱ्यांनी, तिथेच राहून वर्षानुवर्षं राबणारी माणसं आधी बघावीत असं माझं मत.

समारोपाला बॅनर, हार, भाषणं होतील, ते सर बघतात. तुम्ही फक्त उसन्या आणलेल्या फावड्या-घमेल्यांची यादी हातात ठेवा. आमच्याकडे एक टिकाव जास्त आणि दोन घमेली कमी भरली होती. तो टिकाव कुणाचा, ते शोधायला मी पुढच्या रविवारी परत गावात गेले. गावातल्या एका नानांनी चहा पाजला, मग म्हणाले, "चरीचं शेवटचं टोक तुंबलंय, आलीच आहेस तर बघून जा." टिकाव हातातच होता.