जुन्या डिझेल गाडीचे इलेक्ट्रिकल फॉल्ट: पार्ट बदलायच्या आधी हे मोजून बघा

जुन्या डिझेल गाडीचा सकाळी सेल्फ नीट लागला नाही की बहुतेक जण आधी बॅटरी बदलतात, तरी जमलं नाही की सेल्फ काढून भरायला देतात, मग हीटर प्लग (थंड इंजिनचे सिलिंडर आतून गरम करणारे), मग रिले (थोड्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच), आणि एवढं सगळं होऊन गाडी परत पहिल्यासारखीच. मी पण यातून गेलोय. बॅटरी नवी टाकली, सेल्फ उघडून कार्बन (आतल्या फिरत्या भागाला करंट देणारे घासणारे तुकडे) बदलून घेतले, आणि प्रॉब्लेम निघाला कुठे तर गिअरबॉक्सपासून बॉडीला येणाऱ्या अर्थिंगच्या विणलेल्या पट्टीत. वरून बघितली तर एकदम ठीक, दोन्ही बोल्ट घट्ट, पण थिंबलच्या (वायरीच्या टोकाला दाबून बसवलेल्या धातूच्या कडीच्या) तोंडाशी बोटाने वाकवली तशी आतून हिरवी पूड गळायला लागली, अर्ध्याहून जास्त तारा तुटलेल्या आणि उरलेल्या काळ्या पडलेल्या. त्या दिवसापासून माझं एकच सांगणं असतं, करंट वाहत असताना व्होल्टेज कुठे गळतंय ते आधी मोजा, पाना नंतर हातात घ्या.

हे सगळं मी कॉमन रेलच्या (कॉम्प्युटरने डिझेल सोडणाऱ्या सिस्टिमच्या) आधीच्या, मेकॅनिकल पंपवाल्या गाड्यांबद्दल लिहितोय. नवीन गाडीत जिकडेतिकडे ईसीएम (इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर) असतो, तिथे यातलं सगळंच करायचं नाही.

लागणाऱ्या वस्तू दोनच. एक साधा डिजिटल मल्टीमीटर आणि एक टेस्ट लॅम्प, म्हणजे इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब होल्डरसकट घ्यायचा आणि त्याला दोन लांब वायरी जोडायच्या. मीटर असताना बल्ब कशाला असं वाटेल, तर मीटर स्वतः जवळजवळ काहीच करंट ओढत नाही, त्यामुळे वायरीची एकच तार शिल्लक असली तरी तो खुशाल १२ व्होल्ट दाखवतो आणि आपण फसतो. बल्ब पावणेदोन अँपिअरच्या आसपास ओढतो, म्हणून कुजलेल्या वायरीवर तो मिणमिणतो नाहीतर लागतच नाही. फक्त एअरबॅगच्या आणि ईसीएमच्या वायरींना हा बल्ब लावू नका.

काम सुरू करताना अंगठी आणि घड्याळ काढून ठेवा, गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला. बॅटरी काढताना मायनस आधी, लावताना मायनस शेवटी. कारण मायनस लागलेला असताना प्लसवर पाना फिरवला आणि तो बॉडीला टेकला तर थेट शॉर्ट होतो, पाना लाल होईपर्यंत. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो, त्यामुळे तिच्याजवळ ठिणगी नको.

आता बॅटरी. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी सकाळी मोजा. १२.६ म्हणजे फुल, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, आणि १२ च्या खाली गेली की ती जवळपास बसलीच. गाडी नुकतीच फिरवून आणली असेल तर आकडा खोटा वर दिसतो, मग दोन मिनिटं हेडलाइट लावून बंद करा आणि नंतर मोजा. टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी असेल तर गरम पाण्यात खायचा सोडा घालून धुवा (पाणी सेलमध्ये जाऊ द्यायचं नाही), पॉलिश पेपरने शिशाचा खांब आणि क्लॅम्पची आतली बाजू चकाचक करा, घट्ट बसवा आणि वरून व्हॅसलीन लावा. निम्म्या तक्रारी इथेच मिटतात असं माझं मत आहे.

यानंतर खरी टेस्ट, आणि ही मनापासून करा कारण डिझेलमध्ये हीच सगळ्यात महत्त्वाची. डिझेल इंजिनचं कॉम्प्रेशन २०:१ च्या आसपास, ते फिरवायला सेल्फ शेकडो अँपिअर ओढतो, आणि एवढ्या करंटला वाटेत थोडा जरी अडथळा असला तरी व्होल्टेज तिथेच खाल्लं जातं आणि सेल्फला उरलंसुरलं मिळतं. इंजिन चालू होऊ नये म्हणून पंपावरच्या स्टॉप सोलेनॉइडची (डिझेलची वाट उघडणाऱ्या-बंद करणाऱ्या विजेच्या व्हॉल्व्हची) वायर काढून तिच्या तोंडाला टेप लावून बाजूला ठेवा, जुन्या गाडीत स्टॉपची नॉब असेल तर ती ओढून धरा. एकाला चावीवर बसवा. मीटरच्या पिना क्लॅम्पवर नाही, शिशाच्या खांबावरच टेकवा आणि सेल्फ मारायला सांगा. साडेनऊच्या वर टिकलं तर बॅटरी ठीक. सात-आठला आपटलं तर बॅटरी कमजोर आहे किंवा सेल्फ आतून जाम होऊन जास्त ओढतोय. आणि व्होल्टेज १२ च्या वरच राहिलं, सेल्फ मात्र रडत रडत फिरतोय, तर करंट बॅटरीतून निघतच नाहीये, म्हणजे वाटेत अडकलाय.

कुठे अडकलाय ते असं शोधायचं. मीटरची लाल पिन इंजिन ब्लॉकच्या उघड्या धातूवर, काळी बॅटरीच्या मायनस खांबावर, आणि सेल्फ मारा. चांगल्या अर्थिंगला ०.२ व्होल्टच्या आसपास दिसतं. अर्धा व्होल्ट किंवा त्याहून जास्त दिसलं तर अर्थिंग खराब. माझ्या गाडीत तब्बल १.८ आलं होतं, तेव्हा कुठे त्या पट्टीकडे लक्ष गेलं. मग लाल पिन बॅटरीच्या प्लस खांबावर आणि काळी सेल्फच्या जाड केबलच्या बोल्टवर, तिथे सेल्फ मारताना अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त नको. मीटर नसेल तर एक जंपर केबल इंजिनच्या कुठल्याही जाड धातूपासून बॅटरीच्या मायनसला तात्पुरती लावून सेल्फ मारून बघा, एकदम तडफेने फिरला तर उत्तर मिळालं. अजून एक खूण म्हणजे सेल्फ मारल्यावर क्लचची किंवा ॲक्सिलरेटरची केबल गरम लागते, कारण अर्थिंग तुटलं की करंट मिळेल त्या वाटेने बॉडीकडे पळतो.

सेल्फचा आवाज पण नीट ऐकत जा. टकटकटकटक असं पटापट वाजलं तर सेल्फवरचा सोलेनॉइड (सेल्फला जाड करंट जोडून देणारा चुंबकी स्विच) ओढतोय, तेवढ्यात व्होल्टेज पडतंय, तो सुटतोय, परत ओढतोय, म्हणजे बॅटरी किंवा जोड. एकच दणदणीत टक आणि मग शांतता, तर सोलेनॉइडच्या आतले कॉन्टॅक्ट जळालेत किंवा कार्बन संपलेत. काहीच आवाज नाही तर सेल्फवरच्या बारीक वायरला टेस्ट लॅम्प लावा आणि चावी फिरवा, लॅम्प लागला नाही की इग्निशन स्विच किंवा रिलेकडे वळा.

सेल्फ मस्त फिरतोय पण गाडी घेतच नाही? मग स्टॉप सोलेनॉइड. रोटरी पंपाला बहुतेक मागच्या बाजूला एका वायरीचा असतो, चावी ऑन केली की तो डिझेलची वाट उघडतो, आणि जुन्या डिझेलला चालत राहायला विजेची गरज जवळजवळ एवढ्यापुरतीच असते. चावी ऑन ठेवून ती वायर काढून परत टेकवा, हलकासा टक ऐकू यायला हवा. आवाज नाही आणि वायरीला लॅम्प पूर्ण लागतोय तर सोलेनॉइड गेलाय, लॅम्प लागत नाही तर वायरिंग किंवा फ्यूज. चालता चालता इंजिन अचानक बंद पडून दोन मिनिटांनी काही झालंच नाही असं चालू होतं, तेव्हा मी आधी या वायरीची थिंबल हलवून बघतो. उलटा प्रकार पण होतो, चावी काढली तरी इंजिन बंद होत नाही. अशा वेळी वायर उपसा, इंजिन बंद झालं तर दुसरीकडून करंट परत येतोय, चालूच राहिलं तर सोलेनॉइड अडकलाय.

थंडीत पांढरा धूर आणि दोन-तीन सिलिंडरवर धडधडत चालू होत असेल तर हीटर प्लग. डॅशबोर्डवरचा पिवळा लाइट लागून विझला म्हणजे प्लग चांगले असं समजू नका, बऱ्याच गाड्यांत तो फक्त टायमरवर चालतो. चावी ऑन करून प्लगच्या पट्टीवर व्होल्टेज बघा, ११ च्या आसपास पाहिजे. काहीच नाही तर रिले आणि त्याची पट्टी फ्यूज बघा, या फ्यूजला बोल्टजवळ केसाएवढी चीर जाते आणि वरून दिसत नाही, काढून उजेडात धरावी लागते. पट्टीवर व्होल्टेज येतंय तर पट्टी काढा, टेस्ट लॅम्पचं एक टोक बॅटरीच्या प्लसला आणि दुसरं एकेका प्लगच्या डोक्याला लावा, ज्याच्यावर लॅम्प लागत नाही तो प्लग मेला. ओहमवर मोजायचं तर चांगला प्लग एक ओहमच्या आसपास दाखवतो, पण आधी पिना एकमेकींना टेकवून मीटरचा स्वतःचा आकडा वजा करा. प्लग काढताना मात्र घाई नको. आदल्या रात्री गंज सोडवायचं तेल मारून ठेवा, इंजिन कोमट असताना हळूहळू सोडवा. प्लग हेडमध्ये तुटला तर हेड उतरवायची वेळ येऊ शकते.

चार्जिंगचं बघायचं तर इंजिन चालू, हेडलाइट लावलेले, थोडा रेस, आणि बॅटरीवर १३.८ ते १४.५ दिसायला हवं. कमी आलं तर बेल्ट, मग अल्टरनेटरचे कार्बन आणि कटआऊट (चार्जिंगचं व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर). चावी ऑन केल्यावर डॅशबोर्डचा बॅटरीचा लाइट लागतच नसेल तर आधी तो बारीक बल्ब बघा, कारण बऱ्याच जुन्या अल्टरनेटरना सुरुवातीचा करंट त्याच बल्बमधून मिळतो, बल्ब उडाला की चार्जिंग सुरू व्हायला त्रास. मीटर एसीवर टाकून अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर डायोड गेलाय. अनेक डिझेल गाड्यांत ब्रेकचा व्हॅक्यूम पंप अल्टरनेटरच्याच मागे असतो, म्हणून अल्टरनेटर खोलून बसवल्यावर ब्रेक पेडल कडक लागत नाही ना हे बघितल्याशिवाय गाडी हलवू नका. आणि इंजिन चालू असताना बॅटरीचं टर्मिनल काढून चार्जिंग तपासायची जुनी सवय असेल तर ती आजच सोडा, व्होल्टेज उसळून डायोड आणि रेडिओ दोन्ही जातात.

उभ्या गाडीची बॅटरी उतरत असेल तर सगळं बंद करा, मायनस केबल काढून खांब आणि केबलच्या मध्ये मीटर १० अँपिअरवर लावा, दरवाजे बंद, आणि पंधरा-वीस मिनिटं थांबा. ५० मिलिअँपिअरच्या आत असेल तर काळजी नाही. जास्त असेल तर एकेक फ्यूज काढत जा, आकडा पडला की ते सर्किट सापडलं. मीटर लावलेला असताना सेल्फ मारायचा नाही, मीटर जाईल. अर्धा अँपिअर ऐकायला किरकोळ वाटतो पण ६० एएचची बॅटरी तो पाच दिवसांत रिकामी करतो, आणि डिझेलचा सेल्फ तर त्याच्या कितीतरी आधी हात टेकतो. सगळे फ्यूज काढूनही आकडा तसाच राहिला तर अल्टरनेटरची जाड वायर सोडवून बघा (बॅटरी काढूनच), खराब डायोड रात्रभर पितो आणि ती वायर बहुतेक वेळा फ्यूज बॉक्समधून जातच नाही.

मागचा इंडिकेटर लावला की टेललाइट पण लुकलुकतो, असल्या गमतीशीर दिसणाऱ्या गोष्टींमागे जवळपास नेहमी त्या दिव्याचं अर्थिंग असतं. डिकीच्या आणि दरवाजाच्या रबरी नळीतल्या वायरी बाहेरून धडधाकट पण आत तुटलेल्या असतात, एकेक हलकेच ओढा, जी रबरासारखी ताणली जाते ती तुटलेली.

राहिला परत परत उडणारा फ्यूज. मोठ्या अँपिअरचा टाकू नका, वायरिंग पेटेल. लाइट किंवा हॉर्नच्या सर्किटला फ्यूजच्या जागी तोच २१ वॅटचा टेस्ट लॅम्प जोडा, त्या सर्किटवरचं सगळं बंद करा किंवा त्याचे कपलर काढून ठेवा, शॉर्ट असेल तोपर्यंत लॅम्प पूर्ण उजेडाने जळत राहील आणि काही जळणार नाही. आता वायरिंग हातभर हातभर हलवत पुढे जा, विशेषतः फायरवॉलमधून जिथे आत जाते, सीटच्या रेलखाली आणि इंजिनच्या गरम भागाजवळ. ज्या जागी हात लावल्यावर लॅम्प विझतो तिथली टेप उलगडा, सोललेली वायर दिसेल. पीळ मारून टेप गुंडाळू नका, सोल्डर करा, वर श्रिंक स्लीव्ह चढवा, आणि परत घासणार नाही अशी लांब बांधा.