वायर-केबलच्या धंद्यात येताय? आधी तांबं मोजायला शिका

25 फेब्रुवारी 2025 ला आदित्य बिर्ला समूहाच्या अल्ट्राटेक सिमेंटने जाहीर केलं, की आम्ही वायर-केबलमध्ये उतरतोय, 1,800 कोटी रुपये घालून भरूचजवळ कारखाना टाकतोय. पुढच्या दिवशी महाशिवरात्रीची सुट्टी होती. त्यानंतर बाजार उघडला आणि जुन्या केबल कंपन्यांचे शेअर धडाधड कोसळले. महिना उलटायच्या आत अदानी समूहाच्या कच्छ कॉपरनेही या धंद्यासाठी भागीदारीत कंपनी काढल्याची बातमी आली. तेव्हाच माझ्या भाचीला एका केबल कंपनीचं ऑफर लेटर आलं होतं. ती इलेक्ट्रिकल इंजिनिअर. फोनवर म्हणाली, "मावशी, मी जॉइन होऊ की नको? सगळे म्हणतायत आता या धंद्यात मारामारी होणार."

मी तिला हो म्हणाले. का म्हणाले, हे तेव्हा पाच मिनिटांत सांगून झालं नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितेय. मी 2008 पासून या धंद्यात आहे. आधी टेस्टिंग लॅबमध्ये होते, मग कॉस्टिंगला, आता टेंडर बघते. डिप्लोमा, बीई, आयटीआय किंवा पॉलिमर करून इकडे येणाऱ्या मुलामुलींना माझा अनुभव उपयोगी पडावा, एवढीच इच्छा.

सुरुवात शॉपफ्लोअरपासून करते, कारण बाजाराचा अंदाज मला तिथेच पहिल्यांदा कळला.

कारखान्यात तांबं येतं ते 8 मिलिमीटर जाडीच्या रॉडच्या गुंडाळीतून. ड्रॉइंग मशीनवर एकामागून एक डायमधून ओढून ते बारीक करतात. मग बंचिंगवर अनेक बारीक तारा एकत्र पिळतात, एक्सट्रूडरवर पीव्हीसी चढवतात, इन्सुलेशनमधले दोष पकडणाऱ्या स्पार्क टेस्टरमधून ओवतात आणि 90 मीटरची कॉइल बांधतात. घरातली दीड किंवा अडीच स्क्वेअरची, म्हणजे तेवढ्या चौरस मिलिमीटर छेदाची वायर होईपर्यंत एवढाच प्रवास. मोठ्या केबलला पुढे कोअर (इन्सुलेशन चढवलेल्या तारा) एकत्र पिळणं, आर्मरिंग (धातूचं कवच), शिथिंग (सर्वांत वरचं आवरण) असे टप्पे लागतात आणि शेवटी ती लाकडी नाहीतर लोखंडी ड्रमवर जाते.

माझा पहिला मे महिना. दुपारी शेडमध्ये पारा 40 च्या घरात. दीड स्क्वेअरच्या एका लॉटचा रेझिस्टन्स मी मोजला. फ्लेक्सिबल तांब्याच्या वायरला आयएस 8130 या भारतीय मानकाप्रमाणे किलोमीटरमागे 13.3 ओहमच्या आत यायला हवा. माझ्या ब्रिजवर, म्हणजे रेझिस्टन्स मोजायच्या यंत्रावर, 14 च्या वर दिसला. मी लॉट अडवला, लाल स्टिकर लावला. अख्खी शिफ्ट मशीन बंद राहिलं. संध्याकाळी ड्रॉइंगवरचे एक काका लॅबमध्ये आले. शाळा सातवीपर्यंत, पण हातात तीस वर्षांचा अनुभव. भिंतीवरच्या थर्मामीटरकडे बोट दाखवून एवढंच म्हणाले, "ताई, ते 13.3 वीस डिग्रीचं आहे." तांबं तापलं की दर अंशाला त्याचा रेझिस्टन्स साधारण 0.39 टक्क्यांनी वाढतो. वीस अंशांचा फरक म्हणजे जवळजवळ 8 टक्के. दुरुस्ती करून आकडा काढला, तर लॉट अगदी पास होता. त्या दिवशी काकांच्या शिफ्टचं प्रॉडक्शन बुडालं, त्याचं मला आजही वाईट वाटतं. पण त्यानंतर तापमान लिहिलेलं नसेल असा एकही रेझिस्टन्सचा आकडा मी मानला नाही.

याच प्रसंगातून दुसरीही गोष्ट कळली. आपण "दीड स्क्वेअर" म्हणतो, पण मानकात पास-नापास ठरतं ते रेझिस्टन्सवर. म्हणून जो तो कारखाना रेझिस्टन्स बसेल एवढंच तांबं घालायचा प्रयत्न करतो. त्यात गैर काही नाही. चांगल्या कारखान्याचं कसब तिथेच दिसतं. दीड स्क्वेअरच्या 90 मीटर कॉइलमध्ये तांबं एक किलोच्या थोडं वर असतं. तांब्याचा भाव किलोला 100 रुपयांनी हलला की त्या एका कॉइलचा खर्चही शंभरेक रुपयांनी हलतो. वायरच्या किमतीतला सर्वांत मोठा वाटा तांब्याचाच. मजुरी, वीज, पॅकिंग यांत कितीही काटकसर केली तरी तांब्याच्या एका हेलकाव्यात ती वाहून जाते.

म्हणून बाजाराचा अंदाज वाचताना आधी एक विचारा, ही वाढ रुपयांत सांगितलीय, की टनांत आणि किलोमीटरमध्ये? मार्च 2020 मध्ये लंडन मेटल एक्स्चेंजवर तांबं टनाला 5 हजार डॉलरच्या खाली होतं. मे 2021 मध्ये ते 10 हजारांच्या वर गेलं. या काळात एखाद्या कंपनीने पूर्वीइतकीच वायर विकली असती, तरी तिची उलाढाल कितीतरी फुगलेली दिसली असती. नवीन मुलं "उलाढाल इतकी वाढली" वाचून हुरळतात आणि भाव उतरला की घाबरतात. दोन्ही वेळी ती तांब्याचाच आलेख बघत असतात.

दुसरा चकवा डीलरांचा. मुंबईतल्या विजेच्या सामानाच्या बाजारात, लोहार चाळीत, सकाळी चक्कर मारली की हे डोळ्यांनी दिसतं. तांबं चढतंय असं वाटलं की दुकानदार गोडाऊन भरून ठेवतात, आणि कंपनीच्या सेल्सवाल्याला वाटतं मागणी आली. भाव उतरायला लागला की तेच दुकानदार हात आखडता घेतात, "आधीचा माल संपू दे" म्हणतात. गावोगावी वायर ओढणाऱ्या वायरमनचं काम तेवढंच असतं, ना जास्त ना कमी. सेल्समध्ये जाणाऱ्यांनी पहिल्या वर्षी कंपनीतून किती माल निघाला यापेक्षा दुकानातून किती गेला, याची वही ठेवावी. बिल्डिंग वायरची खरी मागणी बांधकामाच्या मागून येते. आज बुक झालेल्या फ्लॅटमध्ये वायर पडायला माझ्या अनुभवात दीड-दोन वर्षं जातात. शिवाय जानेवारी ते मार्चमध्ये सरकारी कामांची बिलं लावायची घाई असते आणि पावसाळ्यात काम मंदावतं. एका तिमाहीवरून धंदा तेजीत की मंदीत, हे ठरवू नका.

माझ्या आयुष्यातला सर्वांत महागडा धडा 2020 च्या शेवटचा. तेव्हा मी एका मध्यम आकाराच्या कंपनीत कॉस्टिंगला होते. मोठ्या पुरवठ्याचं टेंडर होतं, आठ महिन्यांत माल द्यायचा. टेंडरमध्ये फिक्स्ड रेट होता, म्हणजे भाव बदलला तरी पैसे तेवढेच. मी शीटवर तांब्याची वाढ धरली होती, पण वरच्यांना ऑर्डर हवीच होती. ती ओळ काढायला सांगितली आणि मी काढली. पुढच्या काही महिन्यांत तांब्याने काय केलं, ते वर आलंच आहे. ऑर्डर पूर्ण केली, पण प्रत्येक ड्रम तोट्यात गेला आणि त्या वर्षी कारखान्यातल्या लोकांची पगारवाढ थांबली. तेव्हापासून टेंडर हातात आलं की मी पहिलं पान न वाचता आधी पीव्ही क्लॉज शोधते, म्हणजे प्राइस व्हेरिएशनची अट. ईमा ही विद्युत उपकरण उत्पादकांची संघटना धातूंचे आणि कंपाउंडचे भाव प्रसिद्ध करते आणि त्या आधारे बिल वर-खाली होतं. ही सूत्रं कॉलेजात कोणी शिकवत नाही. आल्यावर पहिल्या सहा महिन्यांत शिका. विभाग कोणताही असो.

आता पुढच्या काही वर्षांचं सांगते. मागणी आहे आणि ती खरी आहे, टनांत आणि किलोमीटरमध्ये आहे. देशाने 2030 पर्यंत 500 गिगावॅट बिगर-जीवाश्म वीज क्षमतेचं लक्ष्य ठेवलंय. सोलर प्लांटमध्ये पॅनेलपासून इन्व्हर्टरपर्यंत 1,500 व्होल्ट डीसीची वेगळी केबल लागते. तांब्यावर कथिलाचा मुलामा आणि इलेक्ट्रॉन बीमने क्रॉसलिंक केलेलं (रेणू एकमेकांना जोडून उष्णतेला टिकणारं केलेलं) इन्सुलेशन असलेली ही केबल छपरावर वर्षानुवर्षं ऊन खात पडून राहते. आपल्याकडे मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना 2.0 मधून शेतीच्या फीडरसाठी गावोगावच्या सबस्टेशनजवळ लहान सोलर प्रकल्प उभे राहतायत. त्यांना डीसी केबलही लागते आणि पुढची 11 केव्हीची केबलही. वीज वितरण कंपन्यांच्या सुधारणेसाठी केंद्राची 2021 ची आरडीएसएस योजना 3 लाख कोटींच्या वरची आहे. तिच्यातून फीडर वेगळे करणं, उघड्या तारांच्या जागी एबी केबल (खांबांवरून जाणारी, इन्सुलेशन असलेल्या तारांची जुडी) टाकणं अशी कामं निघतात. ऐरोली, रबाळे, महापे पट्ट्यात डेटा सेंटर उभी राहतायत. तिथे आग लागली तर धूर आणि विषारी वायू कमी निघावेत म्हणून हॅलोजनमुक्त केबल मागतात. मेट्रोचंही तेच.

मोठ्या पॉवर केबलमध्ये आज ॲल्युमिनियमचंच राज्य आहे. ते तांब्याच्या साधारण 61 टक्के वीज वाहतं, पण वजनाने तिसऱ्या हिश्श्याहूनही हलकं. तेवढ्याच रेझिस्टन्सला जाडी जास्त लागली तरी वजन निम्म्यावर येतं. साडेतीन कोअर (तीन पूर्ण आणि एक निम्म्या जाडीची न्यूट्रल) 300 स्क्वेअरच्या 500 मीटर ड्रमात सव्वा ते दीड टन ॲल्युमिनियम असतं. इथे एक कळकळीची सूचना. ॲल्युमिनियमच्या केबलला तांब्याच्या बसबारवर (पॅनेलमधल्या पट्टीवर) जोडताना बायमेटॅलिक लग, म्हणजे दोन्ही धातूंचं जोड-टोक, न वापरल्याने जळालेली टर्मिनल्स मी पाहिली आहेत, आणि दर वेळी दोष केबलवर आला. साइटवर जाणाऱ्यांनी जॉइंटिंग स्वतःच्या हाताने करून शिकावं.

तांब्याच्या बाबतीत आपली बाजू लंगडी आहे. 2018 मध्ये तुतिकोरिनचा स्मेल्टर (खनिजापासून तांबं काढणारा कारखाना) बंद पडल्यावर आपण शुद्ध तांबं निर्यात करणाऱ्या देशाचे आयात करणारे झालो. आपल्या गोंदियाला लागून असलेल्या बालाघाट जिल्ह्यात मलाजखंडची खाण आहे, पण देशाची गरज तिच्या कितीतरी पट. दहेजचा बिर्ला कॉपर जुना आहे, मुंद्र्याचा कच्छ कॉपर 2024 मध्ये सुरू झाला. म्हणूनच अल्ट्राटेक आणि अदानी या धंद्यात येतायत, यात मला नवल वाटलं नाही. दोन्ही समूहांकडे तांबं घरचं आहे. दोघांकडे गावोगावचे सिमेंट डीलर आणि ठेकेदारही आहेत. बिल्डिंग वायरमध्ये मार्जिन दबणार, छोट्या कारखान्यांना त्रास होणार, हे मी लपवत नाही. पण 33 केव्ही आणि त्यावरच्या केबलमध्ये नुसते पैसे ओतून कोणी लगेच शिरू शकत नाही. तिथे टाइप टेस्टचे (केबलच्या त्या डिझाइनच्या सखोल चाचणीचे) रिपोर्ट, मागच्या पुरवठ्याचा अनुभव आणि त्यातली माणसं लागतात. भाचीला मी सांगितलं, ऑफरमध्ये बिल्डिंग वायर आणि एचटी, म्हणजे उच्च दाबाची केबल, असे दोन प्लांट असतील तर एचटीचा माग.

एचटी लॅबमधली एक चाचणी मला फार आवडते, हॉट सेट. एक्सएलपीई, म्हणजे क्रॉसलिंक केलेल्या पॉलिथिलीनच्या इन्सुलेशनचा डमरूच्या आकाराचा तुकडा 200 अंशांच्या ओव्हनमध्ये वजन लावून टांगायचा आणि 15 मिनिटं काचेतून बघत राहायचं. क्रॉसलिंकिंग नीट झालं असेल तर तो थोडा लांबतो आणि थांबतो. 175 टक्क्यांहून जास्त लांबायला नको. कच्चा राहिला असेल तर आपल्या डोळ्यांदेखत ओघळत जातो आणि तुटतो. पीव्हीसीची केबल 70 अंशांपर्यंत आणि एक्सएलपीईची 90 अंशांपर्यंत तापली तरी चालते, हे पुस्तकात वाचलेलं असतं. त्याचा अर्थ या ओव्हनसमोर उभं राहिल्यावर कळतो.

पॉलिमर शिकलेली माणसं या धंद्याला मिळत नाहीत अशी परिस्थिती आहे. छत्रपती संभाजीनगरच्या सिपेट या प्लास्टिक तंत्रज्ञानाच्या संस्थेतली मुलं प्लास्टिकच्या बादल्या-बाटल्यांचा विचार करतात, केबल कंपाउंडचा करत नाहीत. करावा. नोकऱ्या कुठे? आपल्याकडे पिंपरी, उर्से, नाशिक. खरा मोठा पट्टा मात्र सिल्वासा, दमण, हालोल आणि वाघोडियाचा. घर सोडायची तयारी ठेवा. मराठी माणसं तिकडे भरपूर आहेत, डबा मिळतो.

दोन वर्षांपूर्वी ओळखीचा एक वायरमन माझ्याकडे कॉइल घेऊन आला. स्वस्तात मिळाली म्हणून एका घरात ओढली होती, आणि गीझरच्या नाही, साध्या प्लगच्या लाइनवर वायर गरम लागत होती. मी मोजली. 20 अंशांवर आणूनही रेझिस्टन्स 16 च्या वर. छापलेलं दीड स्क्वेअर, तारा बरोबर 22. त्याने कपाळाला हात लावला आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच्या खिशातून नवी वायर आणून ते घर पुन्हा ओढलं. उरलेली कॉइल माझ्या ड्रॉवरमध्ये आहे.

इंटरव्ह्यूला येणाऱ्यांना मी तिचाच एक तुकडा, स्ट्रिपर आणि मायक्रोमीटर देते आणि म्हणते, "ही कुठली वायर, सांगा." बहुतेक जण छापलेलं वाचून दीड सांगतात. गेल्या वर्षी सिन्नरजवळच्या गावातली एक डिप्लोमाची मुलगी आली होती. तिने आधी इन्सुलेशन सोललं. तारा मोजल्या, 22. मग एक तार सरळ करून मायक्रोमीटरमध्ये धरली. 0.28 च्या आसपास तरी यायला हवी होती. तिला 0.25 आली. खात्री करायला तिने आणखी तीन तारा मोजल्या, कागदावर गुणाकार केला आणि वर बघून म्हणाली, "मॅडम, ही एकच्या जरा वर आहे. दीड नाही."

ती आता आमच्या लॅबमध्ये आहे.